ऐंशी टक्के चेहरा

पार्श्वभूमी पांढरी.
चेहरा ऐंशी टक्के. दोन्ही कान उघडे.
टोपी नको, गॉगल नको, ओठ मिटलेले.
अशोक चौकातल्या माझ्या स्टुडिओत
हा कागद फेब्रुवारीत भिंतीवर चढतो
आणि आंबे संपेस्तोवर उतरत नाही.

पडदा म्हणजे एक चादर आहे,
अंबिका बोद्धूलच्या बापाच्या मागावरची.
काठात एक धागा चुकला, मालकानं नाकारली,
मी कड दुमडून खिळे मारले.
सोलापुरातले किती होऊ घातलेले डॉक्टर
त्या चुकलेल्या धाग्यापुढं बसून गेले,
मोजले नाहीत.

पहिल्या वर्षी ती आली तेव्हा
सतरा पुरे व्हायला काही महिने होते.
डिसेंबरअखेर झाले की चालतं काका,
हे तिनंच मला सांगितलं.
आई विडी घरकुलातून सोबत आलेली,
हजार विड्यांचं सूप घरी अर्धं ठेवून,
बोटांना तंबाखूचा वास.
पोरगी हसायला लागली की म्हणायची, "नव्वकू."
एवढं तेलुगू मला येतं. हसू नकोस.
आठ पासपोर्ट, दोन चार-बाय-सहा,
एकशेवीस रुपये, सुट्टे.

दुसऱ्या वर्षी विचारलं, "जुनाच लावला तर?"
मागच्या वर्षीचा चेहरा चालत नाही, म्हटलं,
आणि म्हटल्यावर मलाच कसंतरी झालं.

परीक्षेच्या रविवारी मी होटगी रोडला
शाळेच्या फाटकाबाहेर असतो,
डिंक, कात्री, पिशवीत छोटा प्रिंटर.
कुणीतरी फोटो विसरतंच.
चव्वेचाळीस अंश, डांबर चपलेला धरतंय,
पूर्ण बाहीचा कुर्ता घालून आलेल्या पोराची बाही
त्याचा बाप कोपरापासून कापतोय,
नवी होती ओ, म्हणतोय.
अंबिकाची चमकी निघेना.
आईनं बाटलीतल्या पाण्यात साबण कालवला,
नाक लाल झालं, चमकी निघाली,
आईनं ती तोंडात धरली, पदराला गाठ मारेपर्यंत.
मग डाव्या अंगठ्याचा ठसा आणि आत.

चुकलं तर वजा एक, सोडलं तर शून्य.
म्हणजे गप्प बसणं स्वस्त, ती म्हणायची.
मी म्हणायचो, आमच्यात बरं,
हललेल्या फोटोचे पैसे घेत नाही.

तिसऱ्या वर्षी अकरा मार्कांनी एमबीबीएस गेलं.
डेंटल लागलं.
"दाताची म्हणजे अर्धीच की," शेजारीण बोलली,
ते आईनं मला येऊन सांगितलं,
जसं काही मीच निकाल लावला होता.
त्यानंतर जातपडताळणी, नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाइल,
प्रत्येकावर एकेक फोटो,
एकाच मिटलेल्या ओठांचा.

या फेब्रुवारीत ती भावाला घेऊन आली.
साईचरण, बारावी, मिशीची नुसती रेघ.
"कान दिसू दे. हनुवटी वर. हसू नको रे,"
कागद न वाचता सगळं सांगत होती.
मी हसलो. तशी ती थांबली.

"काका, तोंड उघडा."
नको ग.
"उघडा म्हणते ना."
स्टूलावर मी, चादरीपुढं,
माझाच छत्रीचा दिवा तिनं माझ्यावर वळवला,
पर्समधून हातमोजा काढला,
अंगठ्यानं गाल ओढला.
जिथं चुना लावलेली चिमूट मी ठेवतो,
बावीस वर्षं, तिथंच, तिथं ती
बराच वेळ बघत राहिली.

"पांढरं आहे," म्हणाली.
किती टक्के?
याला ती हसली नाही.
माझ्याच पावतीच्या पाठीवर लिहून दिलं,
सोमवार, सिव्हिल हॉस्पिटल, सकाळी नऊ.
आधार कार्ड. केसपेपरचे पैसे.
सोबत कुणीतरी.
तंबाखू नाही, आजपासून. "आजपासून"खाली दोन रेघा.

तो कागद मी भिंतीवर लावला, पहिल्याच्या शेजारी.
डिंक जरा जास्तच लागला.

साईचरण ताटकळला होता, दोन्ही कान उघडे.
पहिला फोटो हलला.
पोरगा नव्हे.